तपकिरी रंगाचे सर

काचपट्टी खिडकीच्या उजेडात धरून सर एक डोळा मिटत आणि म्हणत, "रंग चढलाय की!" शेजारी सूक्ष्मदर्शक असायचा. तिकडे वळायचे कष्ट ते क्वचितच घेत.

सोलापुरातल्या एका रुग्णालयात ते पॅथॉलॉजीचे प्रमुख होते, मी त्यांच्या हाताखाली. असे साहेब तुम्हीही पाहिले असतील. कोटाला कडक इस्त्री आणि तोंडी सतत स्वतःचं संशोधन. आपल्या पेशी ग्लुटाथायोन नावाचं रसायन बनवतात, ते त्यांना विषापासून वाचवतं. ते बनवणारं एन्झाइम कॅन्सरच्या गाठीत जास्त असेल, तर गाठ औषधालाही दाद देत नसावी, असा सरांचा अंदाज. काचपट्टीवरच्या गाठीच्या पातळ कापाला एक रसायन लावलं, की एन्झाइम असेल तिथं तपकिरी रंग येई. अंदाज वाईट नव्हता, पण तो तपासायचा असतो. रंग फिका आला तरी सर सांगत, "गडद लिहा. ते ओळखायला नजर हवी." गडद आलाच, तर चेहरा लहान मुलासारखा उजळे. तेवढ्यापुरती मला त्यांच्याबद्दल माया वाटायची.

मंद्रूपच्या एका बाईंच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा आला. रंग गडद. सरांनी व्हरांड्यात बाईंच्या नवऱ्याला गाठून सांगितलं, हिला औषध लागू पडणार नाही. उपचार ठरवणं सरांचं काम नव्हतं, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. बाई केमोला यायच्या थांबल्या.

मी मंद्रूपला गेले. नवरा मान खाली घालून म्हणाला, मोठ्या डॉक्टरांनीच सांगितलं, मग तिला उगीच त्रास कशाला? मी समजावलं की तो रंग अजून अभ्यासापुरता आहे, त्यावरून कुणी औषध थांबवत नाही. दाराआड उभ्या बाई बाहेर आल्या.

"माझं मला कुनी इचारलंच न्हाय," त्या म्हणाल्या. "मी येते."

आल्या. गाठ आक्रसत गेली, मग शस्त्रक्रिया झाली.

सरांनी मात्र त्यांना औषध लागू न पडलेल्यांत आधीच धरलं होतं. मी बदल सुचवला, तर म्हणाले, आलेख बिघडतो. तोच आलेख त्यांनी परिषदेत दाखवला. मी उभी राहून म्हटलं की या बाई बऱ्या होताहेत. सरांनी चष्मा पुसला.

"पुढचा प्रश्न," ते म्हणाले.

शेवटी सरांना टाळ्या पडल्या. थोड्याच दिवसांत ते पुण्याच्या बड्या रुग्णालयात गेले, तिथंही प्रमुख म्हणूनच.

नंतर एकदा बाई तपासणीला आल्या, तेव्हा आमच्या दारात थांबल्या. मोठे डॉक्टर कुठं आहेत, असं विचारलं. गेले, म्हटलं. त्यांनी पदर मागं सारला. डोक्यावर नवे, आखूड, दाट केस आले होते. त्यांवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "त्यास्नी दावायचं हुतं."