प्रवाळाचा तुकडा दुसऱ्या गावी

भारनियमनात पंप बंद पडला आणि राजापेठेतल्या माझ्या घरी काचेच्या टाकीत पाळलेलं प्रवाळ मेलं. घराण्यातला पहिला पदवीधर मी. पदवीइतकाच त्या टाकीचा मला गर्व होता. दुसऱ्याच दिवशी आमच्या प्रवाळ पाळणाऱ्यांच्या क्लबातले अकोल्याचे चाचा थर्मास घेऊन एसटीतून उतरले. आत माझ्याच प्रवाळाचा तुकडा, जिवंत. क्लबात शिरताना प्रत्येकाला एक तुकडा दुसऱ्या गावी द्यावाच लागे.

"देताना तोंड वाकडं केलं होतं तुनं," चाचा म्हणाले. "आता समजलं, क्लब काहून हाय? दोन्ही गावची लाइन एका टायमाले जात नाही."

"जगेल ना चाचा?"

"मले काय इचारतं? त्याले इचार."

टाकीत सोडल्यावर दोन तासांनी तुकड्यानं हिरवी बोटं उघडली. चाचा चहा मागत होते. मी काचेपासून हललोच नाही.