खिळ्यावरची रोटी

मर्गिलानच्या बाजारात तीस वर्षं मी तंदूरवर रोट्या भाजतेय. हात किती वेळा पोळले, गणती नाही. पण माझ्याच हातची एक रोटी जिवाला असा चटका लावून जाईल, हे कुठे ठाऊक होतं.

माझ्या बहिणीचा, सनोबरचा, थोरला इल्योस मागच्या वर्षी रशियाला बांधकामावर गेला. निघताना आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्याने रोटीचा एक घास तोडला आणि उरलेली आम्ही भिंतीवर खिळ्याला टांगली. माणूस परत आला की तीच संपवतो. त्याची बहीण हुल्कर, चौदा वर्षांची, रडत होती. मी आपली सहज बोलून गेले, "ही रोटी नीट सांभाळ गं. दादाचा जीव तिच्यात आहे." माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय.

पोरीने ते मनात धरूनच ठेवलं. शाळेला निघताना रोटी पालथी तर झाली नाही ना, बघायची; पालथी रोटी म्हणजे आमच्यात अपशकुन. फाटकापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा बघायची. त्याआधी हात धुवायचे, सात वेळा. मध्येच कोणी हाक मारली की पहिल्यापासून. हातांना भेगा पडून रक्त यायला लागलं. शाळेत पोचेपर्यंत तिसरा तास सुरू झालेला असायचा.

"नाटकं आहेत," सनोबर म्हणायची.

"हात बघितलेस का तिचे?"

"मग काय, वेड्यांच्या डॉक्टरकडे नेऊन गावभर करू? उद्या सून करून कोण घेईल तिला?"

त्याऐवजी तिला मंत्र पुटपुटून फुंकर घालणाऱ्या बाईकडे नेलं. बाईने रोटीवर रोज सात वेळा फुंकर मारायला सांगितलं. झालं, आगीत तेल.

हुल्कर एकदा माझ्या भट्टीपाशी येऊन बसली. म्हणाली, "मावशी, रोटीने काही होत नाही, कळतं मला. पण एक दिवस नाही बघितलं आणि नेमकं झालं तर?" माझंच पाप ते.

नववीची परीक्षा आली. नऊच्या ठोक्याला वर्गात नसेल तर वर्ष गेलं, असं शाळेतल्या बाईंनी बजावलं. मी इल्योसला फोन केला, "काम सोड आणि ये. रोटी संपव, पोर सुटेल."

बिचारा आला. दगड झालेली रोटी चहात बुडवून तिच्यासमोर सगळी खाल्ली, सांडलेले तीळसुद्धा वेचले. मी खिळा उपटून फेकला. हुल्करने खूप दिवसांनी पुलाव मागून घेतला. मला रडूच आलं.

परीक्षेच्या सकाळी मी तिला न्यायला गेले. सनोबर दारात डोकं धरून बसली होती. आत इल्योस गादीवर उताणा पडलेला. शेजारी हुल्कर, अंगात गणवेश, खांद्याला दप्तर, त्याच्या नाकाशी हात धरून श्वास मोजत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात हलत नव्हता.

"ऊठ की रे, साडेआठ वाजले," मी म्हणाले.

इल्योस ओठांतल्या ओठांत म्हणाला, "मी हललो की ती पहिल्यापासून सुरू करते, मावशी. पहाटे पाचपासून पडलोय."

हुल्करने हात मागे घेतला. नळावर जाऊन धुऊन आली, पुन्हा त्याच्या उशाशी बसली.

"एक," ती म्हणाली.