तुझे दादा गेले तेव्हा मी रडले नाही

उषे, ये, अशी जवळ बस. दोन वर्षं झाली, फोन वाजतो अन् तू उचलत न्हाईस. आईशी असं वागतं का कुणी? बोलत नाहीस तर वाच तरी. दुसऱ्या कुणा बाईच्या हाती हे पडलं, अन् तिलाही लोक जन्मभर वेंधळी, तुसडी म्हणत आले असतील, तर तिनंही वाचावं.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तुम्हाला ऑटिझम आहे आणि एडीएचडीसुद्धा. लहानपणापासूनच." मी एकसष्ट वर्षांची. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा कागद हातात घेतला यांनी.

दोन्हीचा अर्थ मला समजला तसा सांगते. एडीएचडी म्हणजे लक्ष एका जागी ठरत नाही. दूध उतू जातं, किल्ल्या हरवतात, समोरच्याचं बोलणं संपायच्या आत आपण बोलून मोकळं. ऑटिझम म्हणजे गलका, गर्दी, अंगाला लागलेला हात, सगळं सोसवेनासं होतं. अन् चारचौघांत कसं वागायचं, जे बाकीच्यांना आपोआप येतं, ते आपल्याला उमगत नाही. मेंदूची घडणच तशी. बरं व्हायचा हा आजार नव्हे.

त्या आधी दोन महिने खेटे घातले. झोप गेल्ती. दोनदा गॅस चालू राहिला तेव्हा तुझी काकू घाबरली. "अक्का, तुम्हाला विसरायची बिमारी लागली," म्हणाली अन् बसमध्येच घातलं मला. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, डोक्याचा फोटो काढला. सगळं साफ. मंग लहानपणाचं सांगणारं माणूस आणा म्हणाले, तर भोकरदनहून तुझा मामा आला. म्हणतो कसा, "डॉक्टरसाहेब, ही लग्नात वाजंत्री वाजली की धान्याच्या कणगीमागं जाऊन बसायची. आम्ही काठीनं हाकलून काढायचो." सांगताना हसत होता. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. ते बघून मला रडू आलं.

आता तुझ्या दादांचं, माझ्या मालकांचं. ते गेले त्या दिवशी गल्लीच्या तोंडापासूनच बाया हेल काढत येत होत्या. येईल ती माझ्या गळ्यात पडायची. तिसरीपर्यंत मी उभी राहिले. मंग कानात नुसती शिट्टी वाजू लागली, डोळ्यांपुढं पांढरं झालं. मी उठले अन् कापसाच्या खोलीत गेले. आढ्यापर्यंत कापूस भरलेला, आत बाहेरचा आवाज येत न्हाई. बसल्या बसल्या हात कापसातली वाळकी पत्ती निवडायला लागले. मला ते कळलंही नाही.

तू दार उघडलंस. "आई, नवरा गेलाय तुझा, अन् तू कापूस निवडतीस? दादा तुला कधी आवडलेच न्हाईत."

माझे हात पत्ती निवडतच राहिले. एरवी एवढी बडबडी बाई, पण त्या वेळी तोंडात शब्दच नव्हता. तेरावं उरकून तू गेलीस ती गेलीसच.

मला रडू आलं चार महिन्यांनी, बाजारात भेंडी घेताना. तुझ्या दादांना आवडायची ती कोवळी भेंडी. मी तिथंच खाली बसले. भाजीवाली म्हणाली, "मावशी, एवढी महाग वाटली का?" पाणी पाजलं बिचारीनं. तेव्हा बघायला तू नव्हतीस, उषा.

डॉक्टरीणबाईंना मी म्हणाले, "बाई, मी दगडाच्या काळजाची न्हाई असं एका कागदावर लिहून द्या. पोरीला दाखवते." त्या म्हणाल्या, "आजी, असा कागद नसतो. तुमचं निदान तेवढं मी लिहून देईन. बाकीचं तुम्हालाच सांगावं लागेल."

म्हणून हे लिहून राह्यले.

लक्ष ठरावं म्हणून, रक्तदाब बघून सकाळची एक गोळी दिली आहे, तिनं गॅस बंद करायचं ध्यानात राहतं. बाकी काही सुधारलं नाही. कधी वाटतं, आपण नसलेलंच बरं. तेही त्यांना सांगितलं, लपवलं नाही. आता त्या दर आठवड्याला बोलावतात. तुम्हाला कुणाला असं वाटत असेल तर तुम्हीही लपवू नका, बायांनो.

अन् उषे, तू ये. या रविवारी ये, नाही जमलं तर पुढच्या. एकटी ये, लेकरं पुढच्या खेपेला आण. आल्या आल्या मला काही सुचणार न्हाई, मी गॅसपाशी घुटमळत राहीन. तेवढं थांब. मंग जे विचारायचं ते विचार, मी सगळं सांगते. पण लवकर ये गं.