खडक हलत नाही, असं लिही

"वाशीमला विहिरी खणताना तेल लागलं होतं का गं?"

भर सेमिनारमध्ये माझ्या पीएचडीच्या सरांनी विचारलं. हॉल हसला. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

मुद्दा साधा होता. तेलसाठ्याचं मॉडेल करताना संगणकाला सांगतात, तेल वाहतं, खडक जागच्या जागी राहतो. खोटं आहे. खडकाच्या बारीक छिद्रांत दाबून भरलेलं तेल वरचा थोडा भार पेलतं. उपसलं की तो भार खडकावर येतो. छिद्रं आवळतात, तेलाची वाट बदलते, वर जमीन खचते. म्हणून खडकाचं आणि तेलाचं गणित पावलोपावली एकत्र सोडवायचं. मी सोडवलं. जमीन खचत होती. वर वस्ती होती.

सरांचं म्हणणं, तेल कंपनीला घाई आहे, खडक स्थिर धर, अहवालावर सही कर.

"दगडाची काळजी विहिरीवाल्यांनी करावी. आपण इंजिनिअर."

विहिरीवाल्याचीच आहे मी. बाबा वाशीमकडच्या इंझोरीच्या आसपास विहिरींतला गाळ काढायचे. त्यांची रीत होती. परसभर, म्हणजे माणसाच्या उंचीएवढं, पाणी उपसलं की मोटर बंद. कडेच्या भेगेवर आडवी चुन्याची पट्टी ओढायची. एक रात्र थांबायचं. पट्टी अखंड असली तरच खाली उतरायचं.

मी बारावीत होते, बाबांसोबत गेले होते. रिसोड रस्त्यावरच्या एका भाजीच्या मळ्यात मालकानं दोन मोटरी लावून एका दिवसात विहीर कोरडी करत आणली. बाबांनी भेगेवर पट्टी ओढली, म्हणाले, पाणीच कडेले धरून ठेवते, हळू उपसा. मालक म्हणाला, "दगडाले मलम लावून राह्यला काय बे? ताप आला काय त्याले?" मजूरही हसले. उतर, नाहीतर दुसरा आणतो, असंही म्हणाला.

मला बाबांच्या चुन्याची लाज वाटली.

बाबा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबले. "पट्टी पाह्य व माय. तडकली काय?"

पट्टी माझ्या पायापाशी, काठाच्या आत. वाकावं लागणार होतं. त्या सगळ्यांसमोर. मी वाकले नाही.

"नाही," म्हणाले.

बाबा तळाशी पोचले आणि विहिरीची कड त्यांच्या अंगावर आली. मग धूळ. मग नुसता मोटरींचा आवाज. त्या कोणी बंद केल्याच नव्हत्या.

पट्टी कडेसोबत गेली. तडकली होती की नव्हती, मला कधीच कळणार नाही.

तेव्हापासून स्क्रीनवर जमीन खाली जाताना दिसली की बाबा विचारतात, तडकली काय? त्या दिवशी हॉलमध्येही विचारलं. माझं हसू तिथंच थांबलं.

"सर, जमीन खचतेय. मी पाहिलंय. सही करणार नाही."

"मग पीएचडी विसर."

विसरले.

बाबा अजून तिसऱ्या पायरीवर उभे आहेत. त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. त्या वस्तीसाठी आहे. आकडे साध्या भाषेत लिहिलेत, पत्रक छापून झालंय. दारोदार जाणार. हसणाऱ्यांनी हसावं. मी वाकून पाहिलंय.