काकूंनी काढलेली दृष्ट

शेजारच्या सुमनकाकूंचा मुलगा फौजेत आहे. टीव्हीवर जवान दिसले की काकू पडद्यावरून दोन्ही हात ओवाळतात, स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडतात आणि त्यांची दृष्ट काढतात. काल संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेले होते, तेव्हाही काढली. तेवढ्यात निवेदिका म्हणाली, "हे सीमेपलीकडचे सैनिक."

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तोच मातकट हिरवा, ठिपक्याठिपक्यांचा गणवेश! मीही मघापासून त्यांना आपलेच समजत होते.

मग वाटलं, वेगळा असणार तरी कसा? त्या कापडाला मातीत, वाळल्या गवतात, झुडपाच्या सावलीत मिसळून जायचं असतं. आणि अलीकडच्या झुडपाची सावली पलीकडच्या सावलीहून निराळी कुठे असते? ज्याला फसवायचं, तो डोळाही दोन्हीकडे माणसाचाच. झेंडा तेवढा वेगळा, दंडावर, तळहाताएवढा. दुरून तो दिसतसुद्धा नाही.

मी चाचरत म्हटलं, "काकू, ते आपले नव्हते."

"ऐकलं गं." त्या पडद्याकडेच बघत राहिल्या. "आता काढली ती काढली. दृष्ट काय परत लावायची असते?"