सावकाशची गाठ

सगळी प्रयोगशाळा त्याला सावकाश म्हणायची, आणि त्यात कुणालाच वावगं वाटत नसे, त्यालाही नाही. एकतीस वर्षं तो एकच काम करत आला होता. धातूची बोटाएवढी कांडी भट्टीत उभी टांगायची, तिला वजन लावायचं आणि ती किती लांबते ते बघत बसायचं. एका चाचणीला हजार तास, म्हणजे जवळजवळ सहा आठवडे. तेवढ्या वेळात शेजारच्या खोलीत धातूंचा कठीणपणा मोजणारी कडकबाई तीनशे नमुने हातावेगळे करून वर त्याला टोमणे मारायलाही मोकळी असायची.

"दादा, कांडी लांबली, की नुसतंच तुमचं वय वाढलं?"

"दोन्ही," तो म्हणायचा. "पण वय वाढायला भट्टी लागत नाही."

या कामात कौशल्य असं एकच. तापमान मोजणारी बारीक तार कांडीला काचेच्या दोऱ्याने बांधायची, तिचं टोक कांडीला घट्ट टेकलेलं हवं. ही गाठ सावकाशची मिरास होती. त्याने बांधलेली गाठ दुसऱ्या कुणी ओढून बघायची नाही, असा अलिखित नियम होता. एकदा कडकबाईने नुसतं बोट लावलं, तर तो चार दिवस तिच्याशी बोलला नव्हता. बायको त्याला वर्षभर सांगत होती, "अहो, चष्म्याचा नंबर वाढलाय, बदलून घ्या." त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं, "गाठ मी बोटांनी बांधतो, डोळ्यांनी नाही."

त्याच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना प्रयोगशाळेच्या साहेबांचा लाडका मॅग्नेशियमचा मिश्रधातू भट्टीत आला. मॅग्नेशियम हा वजनाला हलका आणि स्वभावाने नाजूक. गाड्या बनवणारे त्याच्यावर जीव टाकतात, पण तापला आणि ओझं आलं की त्याचे आतले कण एकमेकांवरून घसरू लागतात. मग गिअरबॉक्सच्या झाकणाचे बोल्ट सैल पडतात आणि तेल गळायला लागतं. उपाय म्हणून साहेबांनी त्यात दुर्मिळ मृदा धातू घातले होते, निओडिमियम आणि गॅडोलिनियम अशी जीभ अडखळवणारी मंडळी. ती थोडीशी मिसळली की कणांच्या सीमांवर उष्णतेला न जुमानणारे बारीक कठीण दाणे तयार होतात आणि दाराखाली पाचर मारावी तसे कणांना जागच्या जागी अडवतात. निदान साहेबांच्या पडद्यावरच्या चित्रात तरी अडवत होते.

चाचणी दोनशे अंशांवर लागली. सातशे तास झाले तरी कांडी केसभरही लांबेना. साहेबांना उरलेले तीनशे तास थांबायची गरज वाटली नाही. त्यांनी गिअरबॉक्सवाल्यांना बोलावून घेतलं, आणि त्याच झपाट्यात निरोप समारंभासाठी पितळी पाटीही कोरून आणली: 'एकतीस वर्षे, एकही चूक नाही.' पाटी सगळ्यांना दिसावी म्हणून हजार तास भरायच्या आधीच दाराशी लावली. साहेब दूरदृष्टीचे, त्यांना निकाल नेहमी आधीच दिसायचा.

हजार तास भरले. सावकाशने भट्टी उघडली. दोरा सैल होऊन लोंबत होता. तारेचं टोक कांडी सोडून भट्टीच्या भिंतीला टेकलं होतं. भिंत जास्त तापलेली, त्यामुळे तारेवरून आच राखणाऱ्या नियंत्रकाला वाटत होतं दोनशे अंश झाले, आणि तो आच कमी करत बसला होता. सावकाशने दुसरी तार कांडीला बांधून ताळा घेतला. कांडी सव्वीस अंशांनी थंड होती. साहेबांचा पराक्रमी धातू सहा आठवडे सावलीत बसला होता.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दोरा नीट गुंडाळला असता तर जगात कुणालाही पत्ता लागला नसता. त्याला पाटी दिसत होती, आणि खोटं कशाला सांगा, ती त्याला हवी होती. त्याने दोरा हातात धरून बराच वेळ काढला. मग नोंदवही उघडून लिहिलं: 'चाचणी रद्द. गाठ सुटली. गाठ मी बांधली होती.'

साहेब लालबुंद झाले. "उद्या पाहुणे येतायत. सव्वीस अंशांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

"आभाळ नाही साहेब. झाकण."

पाहुण्यांना 'तांत्रिक कारणास्तव' असं कळवलं गेलं. समारंभ झाला, त्यात चहा होता आणि भाषण नव्हतं. पाटी कपाटात गेली. सावकाश घरी आला आणि बायकोसमोर बसून रडला. तिने समजूत वगैरे काही घातली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला चष्म्याच्या दुकानात नेलं.

फेरचाचणी कडकबाईने लावली. खऱ्या दोनशे अंशांवर लाडकी कांडी सहाशे तासांत मर्यादेबाहेर लांबली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर कणांच्या सीमांवर दाणे तुरळक, पाचर मारायला माणसंच कमी पडलेली. साहेबांनी लगेच पत्रक काढलं की आपल्या कठोर तपासणीमुळे दोष वेळीच सापडला. पत्रकात सावकाशचं नाव नव्हतं, त्याच्या गाठीचं तर नव्हतंच.

गॅडोलिनियम वाढवून नवी कांडी ओतली, तेव्हा कडकबाईने त्याला फोन केला. "दादा, दोऱ्याला हात तुमचाच हवा."

तो आला. नवा चष्मा लावून त्याने तार टेकवली, दोन वेढे घेतले, गाठ मारली. सवयीने भट्टीचं दार ओढायला हात गेला, तो मध्येच थांबला. तो बाजूला सरकला.

"जरा ओढून बघ," तो म्हणाला.

कडकबाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि मग दोरा चांगला जोर लावून ओढला.