गाडी आधी आडवी करा

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला सगळे मशीनताईच म्हणायचे. मशीन कुठं दुखतंय ते ती नुसत्या आवाजावरून सांगायची. पण कामाला जायचं म्हटलं की धाकट्या भावाच्या मोटरसायकलवर, मागं, एका अंगानं बसून, मांडीवर हत्यारांची पिशवी. अठरा वर्षं हेच. भाऊ जीव लावणारा, पण झोप अशी की घर पेटलं तर कूस बदलून ऊब घेईल.

कपड्यांच्या कारखान्यातली साठ मशीनं तिच्याकडं होती. दर सोमवारी आठला जायचं आणि नऊला कामगार बसायच्या आत तपासून द्यायची. लागोपाठ तीन सोमवार ती पावणेनऊला पोचली. मालकीणबाईंनी तोंडावरच सांगितलं, "ताई, हात तुमचा सोन्याचा. पण सोनं पावणेनऊला मिळून मी काय करू? पुढच्या महिन्यापासून आठ म्हणजे आठ. नाहीतर दुसरा माणूस बघते."

साठ मशीनं गेली की निम्मं पोट गेलं. त्याच संध्याकाळी ती जुन्या गाड्यांच्या दुकानात हजर. भाऊ अक्कल शिकवायला बरोबर.

"ताई, स्कूटर घे. बायकांना बरी पडते."

"कारखान्याच्या चढावर स्कूटरी कशा रडतात ते दर सोमवारी बघते मी. गिअरची पाहिजे."

दुकानदार मायलेज, रंग, दिवे सांगत सुटला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गाडी आधी आडवी करा."

"आडवी?"

"जमिनीवर झोपवा."

"अहो, लोक गाडी चालवून बघतात!"

"चालवायला शिकेन मी. पडली तर उचलता येते का, ते बघू दे."

ती उगाच बोलत नव्हती. दोन वर्षांमागं खडीवर भावाची गाडी घसरली, तेव्हा हिचा पाय गाडीखाली आणि भाऊ उकिडवा बसून आरसा फुटला का ते बघत होता. दोन वाटसरू येईपर्यंत ती तशीच अडकून पडली होती.

दुकानदारानं कुरकुरत पोती अंथरली. पहिली चकचकीत गाडी जागची हलली नाही. दुसरी अर्ध्यावर येऊन परत बसली. तिसरी लहान, रंग उडालेली. तिनं सीटला पाठ लावली, खाली बसली, टाचा रोवल्या आणि मागं रेटत उठली. गाडी उभी.

"ही."

"ताई, किती मरतुकडी दिसते!"

"मला काय तिच्याशी सोयरीक करायचीय?"

मग रोज संध्याकाळी मैदानावर. क्लच तिला लगेच उमगला. कारखान्याच्या मशीनला तो पायाखाली असतो, इथं मुठीत, एवढाच फरक. घोळ निराळाच झाला. अठरा वर्षं एका अंगानं बसून तिनं रस्त्याची फक्त डावी बाजू बघितली होती. नजर आपसूक डावीकडं जायची आणि नजर गेली की गाडीही जायची.

"ताई, पुढं बघ! डावीकडं काय ठेवलंय?"

"सवय! अठरा वर्षं पुढं तुझी पाठच होती की."

सहा वेळा पडली, सहा वेळा उठली. महिना सरायच्या आत शिकाऊ परवाना हातात आला.

नव्या महिन्याचा पहिला सोमवार. चढ झकास पार झाला. कारखान्याच्या वळणावर मात्र डावीकडं माल उतरवणारा ट्रक होता. नजर तिकडं सरकलीच. पुढचं चाक मातीत रुतलं, गाडी आडवी, कोपर सोललं. दोन हमाल धावत आले.

"थांबा बाई, आम्ही उचलतो."

"बाजूला व्हा, लागेल."

सीटला पाठ. टाचा मातीत. पहिल्या रेट्याला टाच घसरली. तिनं चप्पल काढून फेकली, दात आवळले आणि पुन्हा रेटा दिला. गाडी उभी राहिली.

फाटकापाशी पोचली तेव्हा राखणदार अजून दात घासत होता.

"अहो ताई, अजून आठ वाजायचेत. आत दिवेसुद्धा लावले नाहीत."

"लावा मग," ती गाडी स्टँडला लावत म्हणाली. "साठ मशीनं आहेत."